नासाने असं काही म्हटलेलं नाही, भाऊजी

भाचीने इथल्या, बडोद्याच्या एम. एस. युनिव्हर्सिटीत बीएला भाषाविज्ञान घ्यायचं ठरवलं आणि आमच्या दांडिया बाजारच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तो जुनापुराणा फॉरवर्ड येऊन पडला. संस्कृत ही कॉम्प्युटरसाठी सर्वोत्तम भाषा हे नासाने सिद्ध केलंय, जगातल्या सगळ्या भाषा तिच्यातूनच निघाल्या, भाषाविज्ञान हे इंग्रजांचं खूळ आणि त्यात नोकरी नाही. टाकणारे खुद्द पोरीचे वडील. खाली हात जोडणाऱ्यांची रांग लागली, पोरगी गप्प. मला गप्प बसवेना.

नासाचं आधी बघू, कारण सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. १९८५ साली ‘एआय मॅगझिन’मध्ये रिक ब्रिग्ज या संशोधकाचा लेख आला. तो नासाच्या एम्स केंद्रात काम करायचा, नासाचा संबंध एवढाच. लेख नेटवर फुकट वाचायला मिळतो, पण वाचतो कोण! मैत्र हा मैत्रीखातर देवदत्तासाठी विस्तवावर, भांड्यात भात शिजवतो, असं एक वाक्य त्यात घेतलंय. आपले वैयाकरण त्याची फोड कशी करत ते ब्रिग्ज दाखवतो: मध्ये शिजवण्याची क्रिया, मग तिचा कर्ता कोण, कर्म काय, कशाने, कोणासाठी, कुठे. वाक्याचा अर्थ यंत्राला कळावा म्हणून त्या काळचे संशोधक जी जाळी आखत होते, ती या फोडीशी जुळते, असं त्याचं म्हणणं. प्रोग्रॅम संस्कृतात लिहा, असं तो कुठेही म्हणत नाही. कौतुक आहे ते विश्लेषणाच्या पद्धतीचं. आणि भाऊजी, वाक्याची अशी फोड करणं म्हणजेच भाषाविज्ञान! जो लेख पुढे करून तुम्ही पोरीला अडवताय, तो तिच्याच बाजूचा आहे.

पाणिनी थोर, यात वाद नाही. जेमतेम चार हजार सूत्रांत त्याने अख्खी भाषा बांधली. प्रोग्रॅमिंगच्या भाषांचं व्याकरण मांडायच्या पद्धतीला पाणिनीचंही नाव द्या, असं १९६७ साली पीटर इंगरमन याने सुचवलं होतं. तेवढं खरं आहे, घ्या.

सगळ्या भाषा संस्कृतातून? मराठी-गुजरातीपुरतं ठीक. तमिळ, कन्नड द्राविडी कुळातल्या. मेळघाटातली कोरकू मुंडा कुळातली, तर बुलढाण्याच्या जळगाव जामोदकडची निहाली कुठल्याच कुळात बसत नाही. हिशेब महाराष्ट्रातच चुकतो, जगाचं काय घेऊन बसलात?

इंग्रजांचं खूळ म्हणे. पाणिनी इंग्रज होता का?

राहिली नोकरी. नुसत्या बीएवर कोणी दारात येऊन बोलावणार नाही, हे मान्य. प्राध्यापकीच्या जागाही थोड्या. पण मोबाईल सगळं भाषांतर करतो म्हणणाऱ्यांनी छोटाउदेपूरच्या बाजारातली राठवी त्याला ऐकवून बघावी. अशा भाषा आधी कोणीतरी बसून ऐकाव्या, लिहून काढाव्या लागतात. ते काम आपल्याच गावातून झालंय. एम. एस.मध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या गणेश देवींनी १९९६ साली बडोद्यात ‘भाषा’ संस्था काढली आणि पुढे त्यांच्याच पुढाकाराने देशभर झालेल्या लोकसर्वेक्षणात ७८० भाषांची नोंद झाली. कॉम्प्युटरची एवढीच हौस असेल तर पोरीला सोबत प्रोग्रॅमिंगही शिकू द्या. त्याला ती नाही म्हणालेली नाही.