चतुरांची दिवसपाळी

उन्हाळा सरत आला, दोन-चार सरी पडून गेल्या, की आमच्या घरासमोरच्या मोकळ्या जागेवर चतुर जमतात. पाच-दहा नव्हेत, थवेच्या थवे. ऊन कलायला लागलं की गुडघ्यापासून छपरापर्यंत नुसती भिरभिर. आई चष्मा कपाळावर सरकवून बघते आणि दरवर्षी म्हणते, "आले बाबा एकदाचे! आता डास कमी होतील."

डास कमी होत नाहीत.

चतुर डास खातो यात शंका नाही. आणि शिकारी म्हणाल तर असा नेमबाज शोधून सापडायचा नाही. वाघ-सिंहांच्या बहुतेक झडपा वाया जातात. चतुराने मनावर घेतलं की शंभरातले नव्वदहून जास्त किडे गारद. चारही पंख स्वतंत्रपणे हलतात, एकेका डोळ्यात हजारो भिंगं, आणि सहा पायांची टोपली करून हवेतल्या हवेत उचलाउचल. परवा कपड्यांच्या तारेच्या टोकावर बसलेला एक जण मला हातभर अंतरावरून बघायला मिळाला. जबडा कडेकडेने चालला होता. मधूनच डोकं असं तिरकं फिरवायचा की वाटावं, आता हे निखळून खाली पडणार. खात होता त्याचा एक पंख बाहेर राहिला होता, तो हळूहळू आत गेला. तो डासाचाच होता असं मी परस्पर ठरवून टाकलं आणि दिवसभर प्रसन्न राहिलो.

पण थवा जमतो तो आपल्यावरच्या प्रेमापोटी नव्हे. हवेत चिलटं आणि बारीकसारीक किडे उदंड झाले की चतुर जमतात. म्हणजे थवा दिसला की डासांचे दिवस भरले असं समजू नये. किड्यांचा सुकाळ झाल्याची ती वर्दी असते. शिवाय चतुरांची नोकरी दिवसपाळीची. काही जाती तिन्हीसांजेला थोडा ओव्हरटाइम करतात, पण बाकीचे ऊन गेलं की कुठल्या तरी फांदीला लटकून मोकळे. नेमक्या त्याच वेळी डासांची पाळी सुरू होते. राहता राहिला पायांवर पांढरे पट्टे मिरवणारा, डेंगी पसरवणारा एडिस. तो दिवसाढवळ्या चावतो, पण टेबलाखाली, पडद्यामागे, घोट्याशी. चतुर बाहेर उन्हात कवायती करतोय आणि हा आत माझ्या मोज्याच्या वरची मोकळी जागा हेरतोय! चतुरांची एक जात हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेकडे जाते, असं चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने २००९ मध्ये मांडलं. एवढा समुद्र ओलांडणाऱ्याला आमचा उंबरठा ओलांडवत नाही.

रात्रीचं तर विचारूच नका. चावतात त्या फक्त माद्या, त्यांना अंड्यांसाठी रक्त लागतं, नर बिचारे फुलांच्या रसावर राहतात, हे सगळं मला पाठ आहे. रात्री दोन वाजता त्याचा काडीचा उपयोग नाही. अख्खं अंग उघडं पडलेलं असताना ही बया कानाशीच का येते, याचंही कारण आहे. आपण सोडलेल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा माग काढत ती येते. तेव्हा श्वास न सोडणे हा एकच मूलगामी उपाय उरतो, आणि तो घरच्यांना मान्य नाही.

कानाशी गुंई झालं की मी दिवा लावतो. दिवा लावताक्षणी खोलीत या जातीचा कीटक कधी जन्मालाच आला नव्हता अशी शांतता पसरते. मी हातात रॅकेट घेऊन पलंगावर उभा, मान वर, डोळे बारीक. भिंतीवरचा खिळ्याचा डाग एकदा तरी बडवून होतोच.

"मिळाला?" बायको उशीत तोंड खुपसून विचारते.

"होता इथेच."

"मग दिवा बंद कर आणि त्याला झोपू दे."

आईचा उपाय साधा आहे: पंखा पाचवर. डास उडण्यात कच्चा असतो, वाऱ्यापुढे त्याचं काही चालत नाही, त्यामुळे हा उपाय खरोखर लागू पडतो. फक्त सकाळी आपण गारठलेले असतो आणि पांघरूण पलंगाखाली. शिवाय पांघरुणाबाहेर राहिलेल्या अंगठ्यापर्यंत वारा नीट पोचत नाही, हे डासांना पक्कं ठाऊक असतं.

मग मेहुण्याने एक यंत्र आणून दिलं. भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचायचं, की त्यातून म्हणे चतुराच्या पंखांसारखा आवाज निघतो. तो आपल्याला ऐकू येत नाही, पण डासांची गाळण उडते. मी भारावलो. बाहेरचा चतुर आत येत नाही, तर निदान त्याचा आवाज तरी आला! मुलगी मात्र खोक्यावरचा मजकूर वाचत होती. "बाबा, अल्ट्रासाउंड म्हणजे सेकंदाला वीस हजार कंपनांच्या वर. चतुर सेकंदाला तीसेक वेळा पंख हलवतो. हा कुठला चतुर?" मेहुणा पाणी प्यायला आत गेला. असल्या यंत्रांवरच्या दहा प्रयोगांचा आढावा २००७ मध्ये प्रसिद्ध झाला होता. माणसांनी हातपाय उघडे टाकून बसायचं आणि त्यांच्यावर उतरणारे डास मोजायचे, असे ते प्रयोग. यंत्र चालू असो वा बंद, डासांना काही फरक पडला नाही. त्या बसलेल्या माणसांविषयी मला अतोनात आदर आहे. आमचं यंत्र अजून सॉकेटमध्येच आहे. त्याचा हिरवा दिवा रात्री डास शोधायला बरा पडतो.

शेवटी तपास बायकोने हाती घेतला. कुंड्यांखालच्या एका बशीत पाणी होतं, फार तर दोन बोटं. आम्ही चौघं त्यावर वाकलो. सुतासारख्या अळ्या डोकं खाली, शेपटीकडची नळी पाण्याच्या वर, अशा उलट्या लटकून श्वास घेत होत्या. आमची सावली पडली आणि सगळ्या वळवळत तळाशी! म्हणजे रात्री मी ज्यांच्यामागे रॅकेट घेऊन धावतो त्यांचं हे माहेर. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. बशी तिथल्या तिथे उपडी झाली.

मुलीला यातून कल्पना सुचली. चतुराची पिल्लंसुद्धा पाण्यातच वाढतात आणि डासांच्या अळ्या खातात. खालचा ओठ घडीचा असतो, तो फटकन पुढे फेकून सावज धरायचं. आणि पळायची वेळ आली की पार्श्वभागातून पाण्याची पिचकारी सोडून पुढे सुटायचं. "आपण टबमध्ये चतुर पाळू या!" या पिचकारीच्या तपशिलाने मी जवळजवळ होकार दिला होता.

"किती दिवस लागतात वाढायला?" बायकोने विचारलं.

"लवकर वाढणाऱ्यांना महिना-दोन महिने. काहींना वर्षं."

"आणि तोवर टबात पाणी भरून ठेवायचं?"

"हो."

"उघडं?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे.

टब त्याच संध्याकाळी अंगणात उपडा घातला गेला. दुसऱ्या दिवशी सर आली. टबाच्या बुडाला बाहेरून कडेने एक खोबण असते, हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. तिच्यात आता पाणी साठलं आहे. आई म्हणते, तिरका ठेवा. तिरका ठेवला तर खोबणीच्या खालच्या अर्ध्या भागात राहतंच. मुलगी तो भिंतीला टेकवून उभा करायच्या खटपटीत आहे आणि मी रॅकेट चार्जिंगला लावली आहे.