मुंबई हाय आपोआप भरतं, तर पाणी कशाला कोंबतात?

"कच्चं तेल जीवांपासून बनतच नाही. पृथ्वीच्या पोटात ते अखंड तयार होतं, रिकाम्या विहिरी पुन्हा भरतात. 'जीवाश्म इंधन' हा शब्द रॉकफेलरने १८९२ साली जिनिव्हाच्या परिषदेत पैसे चारून घुसवला. टंचाई खोटी, बचत करणारे मूर्ख." हा मेसेज इंग्रजीत जुनाच आहे. आता तो मराठीत उतरलाय, आणि दहावीतली भाची विचारतेय की पुस्तकातला धडा चुकीचा आहे का. धडा बरोबर आहे.

जिनिव्हाचं आधी उरकू. १८९२ची ती परिषद रसायनशास्त्रज्ञांची होती आणि विषय होता कार्बनी संयुगांना नावं कशी द्यायची. 'फॉसिल फ्युएल' हा शब्द इंग्रजीत १७५९ पासून छापील सापडतो. रॉकफेलर जन्मला १८३९ साली.

"तेल डायनासोरांचं नाही," असंही मेसेज म्हणतो. नाहीच. अमेरिकेतल्या सिंक्लेअर कंपनीच्या पंपावर हिरवा डायनासोर उभा असतो, त्याने हा घोळ पक्का केला. तेल येतं ते मुख्यतः डोळ्यांना न दिसणाऱ्या शेवाळापासून आणि प्लवकांपासून. ते मरून तळाशी बसतात. तिथे ऑक्सिजन भरपूर असेल तर सगळं कुजून जातं, तेल बिल काही होत नाही. ऑक्सिजन नसेल तरच ते चिखलात टिकतं. त्यावर गाळाचे थर चढतात, चिखलाचा शेल, म्हणजे थराथरांचा मऊ खडक, होतो आणि आतल्या अवशेषांचं केरोजेन, म्हणजे तेलाचा घट्ट कच्चा माल. हा शेल साधारण ६० ते १५० अंश सेल्सियसमध्ये, म्हणजे बहुतेक ठिकाणी दोन ते पाच किलोमीटर खोलीवर, लाखो वर्षं राहिला की केरोजेन तुटून तेल सुटतं. थंड राहिला तर काम अर्धवट, जास्त तापला तर तेलाचा गॅस होतो. अरबी समुद्रातल्या मुंबई हाय या तेलक्षेत्राचं तेल प्रामुख्याने पन्ना नावाच्या थरातल्या शेलमधून आलं. हा थर दख्खनच्या लाव्हानंतर साठला. तोवर डायनासोर संपलेले होते.

मेसेजचं मूळ सांगणं असं की हे सगळं प्राध्यापकांनी रचलंय, पुरावा काही नाही. पुरावा १९३४ सालचा आहे. आल्फ्रेड ट्राइब्स या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला कच्च्या तेलात पॉर्फिरिन सापडले. पानातल्या हरितद्रव्याचा जो कड्यासारखा गाभा असतो, तोच हा. मधल्या मॅग्नेशियमची जागा व्हॅनेडियमने किंवा निकेलने घेतलेली, शेपटी गळलेली, पण कडं तेच. पृथ्वीच्या प्रावरणातल्या हजार अंशांच्या भट्टीत हे कडं घडतही नाही, टिकतही नाही. आणि ही गोष्ट फक्त प्रयोगशाळेतली नाही. जड तेल शुद्ध करताना हा व्हॅनेडियम तळाच्या गाळात उतरतो आणि क्रॅकिंगच्या, म्हणजे मोठे रेणू तोडण्याच्या, उत्प्रेरकाचा जीव घेतो. म्हणून रिफायनरीत कच्च्या तेलातला व्हॅनेडियम मोजतात आणि मगच कोणतं तेल कशात किती मिसळायचं ते ठरवतात.

"वर येताना ते कण तेलाला वाटेत चिकटले," हे यावरचं ठरलेलं उत्तर. मग प्रत्येक क्षेत्रातल्या तेलाची रेणूंची ठेवण शेजारच्या एका विशिष्ट शेलशीच का जुळते? फुलझाडांपासून येणारा ओलिअनेन हा रेणू फुलझाडं पसरल्यानंतरच्या खडकांतल्या तेलातच ठळक का दिसतो?

"३० हजार फुटांवर जीवाश्म नसतात, तेल असतं." मेक्सिकोच्या आखातात २००९ साली टायबर विहीर ३५ हजार फुटांपर्यंत गेली, त्यात समुद्राचं चार हजार फूट पाणीही धरलंय. पण खडक गाळाचाच. अशा विहिरीतून वर आलेला चुरा धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि त्यातल्या फोरॅमिनिफेरा या सूक्ष्म सागरी जीवांच्या कवचांवरून आपण कोणत्या काळाच्या थरात आहोत ते ठरवतात. जीवाश्म नसतात म्हणे!

"रशिया हेच तत्त्व वापरून तेल काढतो." तेल जीवांशिवाय खोलवर बनतं, हा सिद्धांत सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९५०च्या दशकात मांडला होता, खरं. पण पश्चिम सैबेरियाच्या तेलाचा मुख्य उगम बाझेनोव्ह शेल आहे, ज्युरासिक समुद्राचा गाळ. सिद्धांताची सरळ परीक्षाही झाली. याच सिद्धांताचे पुरस्कर्ते खगोलशास्त्रज्ञ थॉमस गोल्ड यांच्या आग्रहामुळे १९८६ साली स्वीडनमध्ये सिल्यान इथे ग्रॅनाइटमध्ये, म्हणजे जीवांचा गाळ नसलेल्या खडकात, विहीर सुरू झाली आणि साडेसहा किलोमीटरच्या खाली गेली. हाती आला थोडा काळा तेलकट गाळ. पण विहिरीत ओतलेल्या द्रवातच डिझेल होतं. विकण्याजोगं काही निघालं नाही.

शनीच्या टायटन या चंद्रावर जीवांशिवायच मिथेनची तळी आहेत, हे मात्र मान्य. पृथ्वीवरही समुद्रतळाच्या काही खडकांत पाण्याच्या अभिक्रियेने जीवाशिवाय मिथेन बनतो. पण मिथेन म्हणजे एका कार्बनचा साधा गॅस. त्यावरून मुंबई हायच्या तेलाचं मूळ सिद्ध होत नाही.

"पाण्यानंतर सर्वाधिक द्रव तेलच." सर्वाधिक द्रव म्हणजे पृथ्वीच्या बाह्य गाभ्यातलं वितळलेलं लोखंड, म्हणजे पाण्याचाही पहिला नंबर नाही. जग वर्षभरात जाळतं त्या तेलाने जेमतेम दोन उजनी धरणं भरतील.

आता आपोआप भरणाऱ्या विहिरी. जमिनीखाली तेलाचं तळं नसतं. भिजलेल्या विटेत पाणी असतं तसं ते खडकाच्या छिद्रांत असतं. उपसा थांबवला की आजूबाजूचं तेल सरकून विहिरीजवळ येतं, दाब थोडा वाढतो, आणि कोणीतरी "भरली!" म्हणून ओरडतो. मेक्सिकोच्या आखातातल्या युजीन आयलंड या तेलक्षेत्रात खालच्या जुन्या थरांतून भेगेवाटे तेल वर आलं, हेही खरं. पण ते आधीच शिजलेलं तेल होतं, जागा बदलून आलं. नव्या विहिरी आणि नवं तंत्र यांनी साठ्याचे आकडे वाढतात, तेही पृथ्वीने भर घातली म्हणून नव्हे.

मुंबई हाय १९७४ साली सापडलं, १९७६ पासून तेल देतंय. १९८०च्या दशकात दिवसाला पावणेपाच लाख पिंपांच्या आसपास निघत होतं, आता दीड लाखाच्याही खाली आहे. दाब टिकावा म्हणून समुद्राचं पाणी गाळायचं, त्यातला ऑक्सिजन काढायचा (नाहीतर पाइप गंजतात), जंतुनाशक घालायचं (नाहीतर जंतू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात) आणि मग ते चुनखडीत कोंबायचं.  शिवाय विहीर म्हातारी होते तसं तिच्यातून तेलाबरोबर पाणी वाढत जातं, पुढे तेलाहून पाणीच जास्त. ते वेगळं करायचं, त्यातला तेलाचा अंश काढायचा आणि मगच समुद्रात सोडायचं किंवा परत खाली ढकलायचं. हा खर्च दर पिंपामागे चढतच जातो.