पेटीवाल्या काकांचा प्रश्न

साताऱ्याच्या एका तरुण मित्राने गेल्या आठवड्यात विचारले, की संगीत नाटके लिहायची असतील तर नोकरी सोडावी का, आणि लिहिण्याची उमेद टिकवायची तरी कशी? फोनवर दिलेले उत्तर मला स्वतःलाच अपुरे वाटले, म्हणून येथे लिहीत आहे.

सांगलीत वाढलेल्या माणसाला प्रेरणेची टंचाई नसते. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भाव्यांनी येथे ‘सीतास्वयंवर’ हे मराठीतले पहिले मानले जाणारे नाटक केले, हे आम्ही शाळेपासून भाषणांत ऐकत आलो आहोत. खरे सांगायचे तर त्या भाषणांनी मला उभारी येण्याऐवजी दडपणच आले. धीर दिला तो आमच्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी. त्यांनी १८९३ साली ‘फाल्गुनराव’ हे गद्य नाटक लिहिले आणि तेच पुढे पदांचा साज चढून १९१६ मध्ये ‘संशयकल्लोळ’ म्हणून रंगभूमीवर आले. मध्ये तेवीस वर्षे गेली! माझी संहिता तीन वर्षे कपाटात पडून आहे म्हणून मी कुरकुरत होतो, तेव्हा या आकड्याने माझे तोंड बंद केले.

नोकरीविषयी माझे मत स्पष्ट आहे : सोडू नये. सांगलीतच जन्मलेले कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर ‘केसरी’ या वृत्तपत्रात संपादकीय काम करणारे गृहस्थ होते आणि ‘मानापमान’ हे संगीत नाटकही त्यांनीच लिहिले. मी स्वतः बँकेत काम करतो. मार्चअखेरच्या धांदलीत लेखन बंद पडते हे खरे, पण घरखर्चाची चिंता नसल्यामुळे कोणी सांगितले म्हणून नाटकात नको तो विनोद घुसडण्याची वेळ माझ्यावर आलेली नाही.

मात्र या लेखनातले खरे शहाणपण मला तालमीत मिळाले. पहिल्या नाटकात मी चौदा पदे लिहिली होती आणि प्रत्येकावर खूश होतो. एका पदाची ओळ ‘मनावरी हे सावट’ अशी संपत होती. पेटीवाल्या काकांनी भाता थांबवला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारले, “अहो, ‘ट’वर सूर ठेवायचा कुठे? गायिका तान घेणार ती कशावर?” मी वाद घातला, अर्थाची महती सांगितली, त्यांनी शांतपणे ती ओळ मलाच गायला लावली. दुसऱ्या दिवशी ‘सावट’ जाऊन ‘छाया’ आली, आणि त्या ‘या’वर आमच्या गायिकेने जे काही केले ते ऐकताना कागदावरचा माझा अभिमान पार विरघळला. पुढे चौदातली पाच पदे मी स्वतःच काढली, कारण संवादात जे बोलून झाले होते तेच ती पुन्हा गात होती. ही काटछाट एकट्याने टेबलाशी बसून मला जन्मात जमली नसती.

त्या नाटकाला स्पर्धेत काहीही मिळाले नाही. परीक्षकांनी ‘गाणी कमी’ असा शेरा मारला, तेव्हा काका इतके हसले की त्यांना ठसका लागला.

म्हणून त्या मित्राला आता वेगळे सांगतो : राजीनामा राहू दे, शनिवारी संध्याकाळी तुझे एखादे पद घेऊन सांगलीला ये. दुसऱ्या नाटकाची तालीम सुरू आहे, काका सात वाजता येतात, आणि माझ्याही दोन ओळी अजून ‘ळ’वर अडकलेल्या आहेत.