घड्याळात ‘इन्कन्क्लुझिव्ह’ आलं म्हणजे ब्लॉकेज नव्हे

कोल्हापुरात रंकाळ्यावर सकाळी फिरणाऱ्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. त्यात सांगितलंय ते असं: स्मार्टवॉचच्या ईसीजीत ‘इन्कन्क्लुझिव्ह’ (निष्कर्ष निघाला नाही) आलं की हृदयात ब्लॉकेज आहे असं समजा आणि ताबडतोब अँजिओग्राफी करा, हे कुठल्याही फिटनेस बँडवर तपासता येतं, ‘नॉर्मल’ येईपर्यंत पुन्हा पुन्हा घेत राहा, आणि एकदा नॉर्मल आलं की बिनघोर राहा. यातलं एकही विधान खरं नाही आणि शेवटचं तर जिवावर बेतणारं आहे. ईसीजी काढणं हे माझं रोजचं काम. हा मेसेज वाचून धास्तावलेली माणसं समोर येऊन बसतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी ब्लॉकेजचं. ब्लॉकेज म्हणजे हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी अरुंद होणं. ईसीजीत वाहिन्या दिसत नाहीत, हृदयातली विजेची हालचाल दिसते. दवाखान्यात आम्ही १० इलेक्ट्रोड लावून १२ लीड, म्हणजे त्या विजेच्या १२ वेगवेगळ्या बाजूंनी घेतलेल्या नोंदी, काढतो, तरी आराम करताना काढलेल्या पट्टीत ब्लॉकेज कित्येकदा सापडत नाही. घड्याळाकडे तर दोन हातांमधली एकच लीड असते. त्या ३० सेकंदांत अ‍ॅप मुख्यतः एवढंच बघतं, की ठोक्यांची लय नेहमीची आहे की एट्रियल फिब्रिलेशनची, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे बेताल थरथरत असतानाची अनियमित. दोन्हींत बसलं नाही की ‘इन्कन्क्लुझिव्ह’.

न बसण्याची कारणं अनेक. बऱ्याच अ‍ॅपमध्ये नाडी ५० च्या खाली किंवा १२० च्या वर असली की निकालच मिळत नाही. अ‍ॅपलच्या नव्या आवृत्तीत वरची मर्यादा १५० आहे आणि कमी-जास्त नाडी वेगळी सांगितली जाते. जोतिबाच्या पायऱ्या चढून धापा टाकत ईसीजी घेतला तर दुसरं काय येणार? पेसमेकर असेल, मधेच जादा ठोके पडत असतील, लय तिसऱ्याच प्रकारची असेल, तरीही हेच उत्तर येतं. म्हणून ते वारंवार आलं तर पट्टी डॉक्टरांना दाखवावी. पण त्यावरून थेट अँजिओग्राफी? तो निर्णय लक्षणं, तपासणी आणि गरज पडली तर स्ट्रेस टेस्टसारख्या चाचण्या बघून डॉक्टर घेतात.

‘कुठलाही बँड चालतो’ हे तर सपशेल चूक. बहुतेक स्वस्त बँडांत मागच्या बाजूला फक्त हिरवा दिवा असतो. तो त्वचेखालच्या रक्ताच्या चढउतारावरून नाडी मोजतो. त्याला ईसीजी म्हणत नाहीत. ईसीजीसाठी दुसऱ्या हाताचं बोट टेकवायला धातूचा भाग लागतो. आणि ज्या घड्याळांत तो असतो, त्यांतल्या नावाजलेल्या कंपन्यांची ही सोय २२ वर्षं आणि त्यापुढच्यांसाठीच आहे. कॉलेजच्या पोरांनी एकमेकांचे निकाल लावत बसू नये.

पुन्हा घेण्यात चूक नाही, मात्र आधी कारण शोधा. पंचविशीतला एक मल्ल तालमीतून थेट आमच्याकडे आला होता. घड्याळाने सलग तेच उत्तर दिल्यामुळे घरचे हादरले होते. अंगाला तेल, मनगटावर घाम, पट्टा सैल आणि हात अधांतरी. मोबाईलवर रेघ पाहिली तर नुसती जाड, थरथरती. मनगट आणि बोटं साबणाने धुवून कोरडी केली, पट्टा आवळला, दोन्ही हात टेबलावर सैल ठेवायला लावले. रेघ स्वच्छ आली, प्रत्येक ठोका वेगळा मोजता येईल इतकी. उत्तर मात्र पुन्हा ‘इन्कन्क्लुझिव्ह’च, कारण नाडी ४६! कसलेल्या शरीराला आरामात एवढी नाडी असू शकते. १२ लीडची पट्टी काढून डॉक्टरांनी बघितली: लय व्यवस्थित, ठोके तेवढे संथ.

तुम्हीही तसंच करा. व्यायाम झाला असेल तर दहा मिनिटं शांत बसा. बोट अलगद टेकवा. दाबलंत की स्नायू ताठरतात आणि त्यांची वीज पट्टीत उतरते. बोलू नका. चार्जिंगला लावलेला मोबाईल-लॅपटॉप बाजूला ठेवा, घरातल्या विजेची ५० हर्ट्‌झची थरथर रेघेत शिरते. घड्याळ ज्या हातात आहे तोच हात सेटिंगमध्ये निवडलाय ना, तेही बघा, नाहीतर रेघ उलटी पडते. आणि नको असलेले निकाल पुसून टाकू नका. एट्रियल फिब्रिलेशन येतं आणि जातं, त्यामुळे नंतरच्या एका ‘नॉर्मल’ने आधीची पट्टी खोटी ठरत नाही. सगळ्यांची पीडीएफ ठेवा आणि त्या वेळी काय होत होतं ते लिहा: धडधड, चक्कर, की काहीच नाही.

आता ‘नॉर्मल आलं की बिनघोर’. हार्ट अटॅक ओळखणं घड्याळाच्या ईसीजीचं काम नाही, हे कंपन्याच स्पष्ट सांगतात. हृदयाच्या खालच्या भिंतीचा अटॅक ज्या लीडमध्ये ठळक दिसतो, त्या घड्याळाच्या एका लीडमध्ये नसतातच. लय नियमित असताना अटॅक चालू असू शकतो. आपल्याकडे छातीत जळजळलं की रविवारच्या तांबड्या रश्श्यावर ढकलून सोडा प्यायची सवय, त्यात घड्याळही ‘नॉर्मल’ म्हणालं तर माणूस घरीच बसतो आणि मोलाचा वेळ जातो. छातीवर दाब, हात किंवा जबड्याकडे जाणारी कळ, दरदरून घाम, अचानक धाप यातलं काही असेल तर घड्याळाकडे बघू नका. मधुमेही, वयस्कर आणि बायकांमध्ये दुखणं कमी आणि नुसती धाप किंवा गळाठा जास्त, असंही होतं. १०८ ला फोन करा. स्वतः गाडी चालवत निघू नका. आपलं सीपीआर सरकारी रुग्णालय असो की जवळचं खाजगी हॉस्पिटल, पोचल्याबरोबर छातीत कसं होतंय आणि कधीपासून, हे आधी सांगा आणि १२ लीडचा ईसीजी काढायला सांगा.