आधी आडवी करा

आमच्याकडे गॅरेज नाही. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत बी विंगच्या जिन्याखाली साडेसहा बाय चारची एक जागा आहे, तिला सोसायटीच्या दप्तरात ‘दुचाकी पार्किंग क्र. ११’ म्हणतात आणि आमच्या घरात ‘खाली’. “आहेत का घरी?” असं कुणी फोनवर विचारलं तर बायको “खाली गेलाय” एवढंच सांगते. तिच्या सुरावरून पलीकडच्याला कळतं की हा माणूस फारच खाली गेलेला आहे.

तिथे बाबांची चेतक उभी असते. बाबांनी नंबर लावला १९७८ साली आणि गाडी हातात आली १९८५ साली. “तुझ्यासाठी नऊ महिने थांबलो, हिच्यासाठी सात वर्षं,” असं आई अजून म्हणते, आणि त्यातलं कोण जास्त उपयोगी पडलं हे सांगायचं टाळते. राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव लावून बजाजची ही स्कूटर १९७२ साली बाजारात आली. २००९ साली कंपनीने स्कूटर बनवणं बंद करायचं ठरवलं, आणि मग घरोघरच्या चेतक एकेक करून भंगारात गेल्या. आमची राहिली, कारण भंगारवाल्याने दीड हजार सांगितले आणि आईने त्याला पाणीसुद्धा न विचारता वाटेला लावलं. ५७ मिलिमीटरचा बोअर, ५७ मिलिमीटरचा स्ट्रोक, १४५ सीसी. हे आकडे मला सातच्या पाढ्याआधी पाठ होते. उपयोग अजून झालेला नाही.

गेल्या दिवाळीत मी ठरवलं, हिला घरच्या घरी रंगवायचं. पॉलिश पेपरने गंज घासला, पोचे आले होते तिथे लांबी भरली, गंजून भोकं पडली होती तिथे एम-सील. मागच्या पत्र्याला दोन, पाय ठेवतो तिथे एक, पेट्रोलच्या झाकणाला एक बारीकसं. सापडेल ते भोक बुजवलं. झाकणाचं रबरी वॉशर चिरलं होतं, तेही नाना पेठेतून नवं आणलं. दुकानदाराने “ओरिजनल देऊ का लोकल?” विचारलं, तेव्हा छाती पुढे काढून “ओरिजनल” म्हणालो. डिकीही साफ केली. बाबांच्या जुन्या बनियनचा बोळा, एक म्हातारा प्लग, प्लगचा पाना आणि टोकाला बूच खोचलेलं एक दाभण एवढा ऐवज निघाला. स्कूटरमध्ये दाभण कशाला, हे मला कळेना. पोतं शिवायला असेल, म्हणून ते आईच्या शिवणाच्या डब्यात टाकलं.

रंग वाळला, दिवाळी झाली, आणि गाडीला नवीच खोड लागली. सुरू व्हायची पहिल्या किकला. कर्वे पुतळ्यापासून नळ स्टॉपपर्यंत गुणी बाळासारखी यायची आणि तिथे सिग्नलच्या तोंडाशी दोन गचके देऊन मान टाकायची. टाकी फुल केली की त्याहून लवकर, पंपाच्या पुढच्या चौकातच. तळाशी लिटरभर उरलं असलं तर मात्र डेक्कन ओलांडून जायची. “उपास मानवतो तिला,” आई म्हणाली. मी हसलो. तेव्हा हसायला नको होतं.

बंद पडलेल्या स्कूटरभोवती पुण्यात माणसं कुठून उगवतात देव जाणे. एरवी रस्ता ओलांडायला वाट न देणारा माणूस अशा वेळी स्वतःची गाडी बाजूला घेऊन मदतीला येतो. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: “पेट्रोल आहे ना?” आहे म्हटलं तरी त्याला पटत नाही. चेतकला काटा नाही. मग सीट उचलायची, झाकण उघडायचं, गाडी गदागदा हलवायची आणि दोघांनी आत डोकावायचं. पेट्रोल असतंच. मग तो किंचित निराश होऊन खऱ्या उपचाराकडे वळतो.

नळ स्टॉपच्या पहिल्या सद्गृहस्थांनी हुकूम सोडला, “आडवी करा.” आडवी केल्याने नेमकं काय होतं, हे मला आजवर दोन माणसांनी एकसारखं सांगितलेलं नाही. पण ज्यांनी बाबांना आडवी करताना पाहिलं ती आमची पिढी आडवी करते. केली, सरळ केली, किक मारली. सुरू! गृहस्थ “बघा” म्हणून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच.

मग खालचा दरबार भरू लागला. तळमजल्याचे बँकेतून निवृत्त झालेले काका प्लगवाले. त्यांच्या मते जगातली ऐंशी टक्के दुखणी प्लगची. त्यांनी आधी झाकण उघडून पेट्रोल पाहिलं, मग प्लग काढला, पॉलिश पेपरने घासला, इंजिनाला टेकवून मला किक मारायला लावली. टिच टिच निळी ठिणगी पडली. प्लगचं टोक चहाच्या रंगाचं असावं म्हणतात, आमचं पांढुरकं दिसत होतं. याचा अर्थ बहुधा पेट्रोल कमी पोचतंय, असं मी पुटपुटलो. काका म्हणाले, “करंटचंच लफडं आहे.” लावला, सुरू झाली. काकांनी त्या आठवड्यात ही हकिकत लिफ्टमध्ये निदान सहा जणांना सांगितली.

दुसऱ्या मजल्यावरचे साहेब पॉइंटवाले. त्यांनी आधी झाकण उघडून पेट्रोल पाहिलं. मग फ्लायव्हीलच्या खिडकीतून पॉइंटची, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणाऱ्या दोन टोकांमधली, फट पाहिली. तिथे साधारण ०.४ मिलिमीटरची फट लागते आणि ती मोजायला फीलर गेज लागतं. ते नव्हतं, म्हणून माझ्या मेहुण्याची लग्नपत्रिका वापरली. साहेबांच्या मते हल्लीच्या पत्रिका जाड असतात, पूर्वी पोस्टकार्ड बरोब्बर बसायचं. कंडेन्सरही बदलला. गाडी सुरू झाली आणि साहेब प्लगवाल्या काकांकडे बघून नुसते हसले. त्या दोघांचं तेव्हापासून जरा बिनसलं आहे.

कार्बोरेटर मात्र मी स्वतः घेतला, कारण यूट्यूब पाहून माझीही काही मतं बनली होती. वर्तमानपत्र पसरलं, फ्लोट, निडल, जेट असं सगळं ओळीने मांडलं, फोटो काढला. जेटच्या, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या तोटीच्या, भोकात पिन घालू नये, भोक मोठं होतं. वायरची एक तांब्याची तार घालून वरून फुंकावं. हे मला माहीत होतं. फुंकल्यावर जेट बोटांतून सुटतो, हे माहीत नव्हतं.

टिण् असा एक आवाज आला. मग शांतता.

तांदळापेक्षा थोडा मोठा, पितळी. आम्ही पाच जण गुडघ्यांवर आलो. सेक्रेटरींनी घरून दोरीला बांधलेलं लोहचुंबक आणलं आणि ते फरशीवरून फिरवत राहिले. तासाभरात आठ खिळे, एक हेअरपिन आणि वॉचमनच्या कुलपाची हरवलेली किल्ली निघाली. वॉचमनच्या डोळ्यांत पाणी आलं. पितळ चुंबकाला चिकटत नाही, हे मला तिसऱ्या खिळ्यालाच आठवलं होतं. पण सेक्रेटरी इतके रंगले होते, आणि माझी मेंटेनन्सची थकबाकीही होती. अखेर जेट सापडला तो प्लगवाल्या काकांच्या रबरी चपलेच्या तळव्यात रुतलेला. दरम्यान ते मारुतीला जाऊन, नारळ वाढवून, वाटेत कोथिंबीर घेऊन परत आले होते. जेटला प्रदक्षिणा घडल्यामुळे असेल, जोडल्यावर गाडी पहिल्या किकला सुरू झाली. तीन दिवस मी दरबारात ताठ मानेने वावरलो. चौथ्या दिवशी नळ स्टॉपच्या उड्डाणपुलाच्या ऐन मध्यावर उभा होतो. तिथून गाडी ढकलत खाली येताना मागच्या लोकांनी जे काही म्हटलं, त्यात माझ्या बाबांचाही उल्लेख होता.

मग सायलेन्सरमधला कार्बन जाळून झाला. (‘पार्किंगमध्ये होळी करण्यास सक्त मनाई आहे’ अशी नोटीस अजून लावलेली आहे.) मावशीने शनिवारी लिंबू-मिरची बांधली, त्यानेही दोन दिवस गुण आला. नाक्यावरच्या मेस्तरींनी झाकण उघडून पेट्रोल पाहिलं, एक किक मारून कान दिला आणि “इंजिन उतरवावं लागेल” असं, डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावून सांगतात त्या आवाजात सांगितलं.

इंजिन उतरवायच्या आदल्या रविवारी आई खाली आली. तिला बँकेत जायचं नव्हतं, देवळातही नाही. नुसती पायरीवर बसली. मी चक्कर मारून, कोपऱ्यावरून बंद गाडी ढकलत आणली होती. सवयीने सीट उचलली, झाकण उघडलं.

“परत उघड,” आई म्हणाली.

“उघडंच आहे.”

“लाव, आणि जरा फिरवून आणून परत उघड. आवाज आला काहीतरी.”

फिरवून आणली. आता सुरू होती, नेहमीप्रमाणे. टाकी फुल होती, तेव्हा कोपऱ्यावर बंद पडली, नेहमीप्रमाणे. ढकलत आणली, कान लावून झाकण उघडलं. सुस्स! बारीक, पण होता. गेले तीन महिने दर वेळी तो झाला असणार. आमचं सगळ्यांचं लक्ष आत डोकावण्याकडे.

“तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल धड पडतं का रे?” आईने विचारलं. “दुसरं पाडावं लागतं, वारा जायला. हिचं दुसरं कुठाय?”

मी झाकणाकडे पाहिलं. छान रंगवलेलं, गुळगुळीत झाकण. गंज समजून मी जे बुजवलं होतं ते गंजाचं भोक नव्हतंच. पेट्रोल खाली उतरेल तशी वर हवा जायला ते कारखान्यातूनच पाडून आलेलं होतं. हवा मिळेना, म्हणून पेट्रोल उतरेना. टाकी फुल असली की वर हवेला जागा थोडी, म्हणून गाडी लवकर गुदमरायची. रिकामी असली की जास्त तग धरायची. उपास मानवत होता तो असा. आणि वर ओरिजनल वॉशर! लोकल घेतलं असतं तर कुठून तरी वारा शिरला असता.

मग पायरीवर आईशेजारी बसून मी हिशोब मांडला. प्लग घासण्याआधी झाकण उघडलं होतं. पॉइंटआधीही, आडवी करण्याआधीही. लिंबू-मिरची बांधली त्या सकाळी मी पेट्रोल भरून आलो होतो. म्हणजे दर वेळी गाडी “पेट्रोल आहे ना?” या प्रश्नानेच बरी होत होती आणि पुढचा अर्धा तास आम्ही बऱ्या झालेल्या गाडीवर शस्त्रक्रिया करत होतो.

“तुझे बाबा ते दाभण कशाला ठेवायचे मग,” आई उठता उठता म्हणाली, “पोतं शिवायला?”

झाकणाची बिजागरीची पिन काढून ते वर नेलं, स्वच्छ धुतलं, वाळवलं. दाभण गॅसवर तापवलं आणि एम-सीलमधून आरपार घातलं. स्वयंपाकघरात जो वास सुटला त्याबद्दल बायको वेगळी बोलली. दुपारी टाकी फुल करून थेट सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन आलो. एकदाही मागे वळून पाहिलं नाही. आरसा लावायचा राहिला होता.

खाली कुणाला काही सांगितलं नाही. काका अजून प्लगचं सांगतात, साहेब पॉइंटचं. सगळ्यांनी आपापलं श्रेय वाटून घेतलं आहे. दोघांत समेट करायचा तर दोघांनाही खोटं पाडावं लागेल, आणि मला याच इमारतीत राहायचंय.

गेल्या आठवड्यात सेक्रेटरींची नवी कोरी विजेवरची स्कूटर सकाळी हलेना. बटण दाबतात, पडदा उजळतो, चाक फिरत नाही. दरबार भरला. काकांनी प्लग कुठे असतो विचारलं. साहेबांनी पेट्रोल आहे ना विचारलं आणि जीभ चावली. मग सगळे माझ्याकडे वळले. आता मी अनुभवी.

“आधी आडवी करा,” मी म्हणालो.

चौघांनी मिळून ती धरली. आडवी करताना कुणाचा तरी पाय लागला आणि साइड स्टँड खट्कन वर गेला. स्टँड खाली असला की ही गाडी हलतच नाही, तशी तिची रचनाच आहे. सरळ केली, सेक्रेटरींनी बटण दाबलं, आणि गाडी आवाज न करता फाटकाबाहेर निघाली.

“बघा,” मी म्हणालो, आणि वर निघून आलो.