माझ्या नावावरची दुचाकी

मला दुचाकी चालवता येत नाही. सायकल येते, पण उतार लागला की तीही मी हातात धरून नेतो. असं असूनही एका पतमाहिती कंपनीच्या, म्हणजे कुणी कर्ज कसं फेडलं याची नोंद ठेवणाऱ्या कंपनीच्या, दफ्तरी मी दुचाकीच्या कर्जाचा थकबाकीदार आहे, आणि हप्ता थकून १८० दिवस उलटून गेले आहेत. हे मला कळलं ते माझा कर्जाचा अर्ज ‘तुमच्या सिबिलमध्ये प्रॉब्लेम आहे’ एवढ्याच शेऱ्यानिशी परत आला तेव्हा. देशात अशा कंपन्या चार आहेत, सिबिल ही त्यातली एक, पण आपल्याकडे चौघींनाही सिबिलच म्हणतात. त्यामुळे गुन्हा कुणाचा आणि नाव कुणाचं, हा घोळ इथूनच सुरू होतो.

रिपोर्ट मागवायला निघालो. प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७पासून आहे. मात्र तो फुकटवाला दुवा शोधायला नजर लागते. महिन्याच्या वर्गणीचं बटण आंधळ्यालाही दिसेल. ओटीपी झाला आणि समोर प्रश्नपत्रिका आली. मी मीच आहे हे सिद्ध करायला विचारलं होतं, ‘खालीलपैकी कोणतं कर्ज आपण घेतलं होतं?’ पर्यायांत दुचाकी होती. माझं गृहकर्ज नव्हतं. मी प्रामाणिकपणे ‘यापैकी नाही’ दाबलं. ‘आपली ओळख पटू शकली नाही.’ पुढच्या खेपेला दात-ओठ खात ‘दुचाकी’ दाबलं, आणि दार सताड उघडलं. न केलेला गुन्हा कबूल केला तरच आरोपपत्राची प्रत मिळते, अशी ही सोय.

आत दुचाकी होती. शिवाय मी कधी पाऊल न ठेवलेल्या गावातला एक पत्ता माझा म्हणून होता. आणि ज्या गृहकर्जाचा शेवटचा हप्ता मी मुदतीआधी भरून टाकला, ते मात्र कुठेच नव्हतं. दुसऱ्याचं पाप चोख नोंदवलेलं, माझं पुण्य गहाळ! स्कोअर, म्हणजे परतफेडीचे गुण, तीनशे ते नऊशेमध्ये मोजतात. माझा सहाशेच्या जरा वर लटकत होता.

मग ज्या बँकेने ते दुचाकी-कर्ज दिलं होतं, तिच्या शाखेत गेलो. काउंटरवर मॅडम होत्या. माझ्या शेजारी, पासबुक छापून घ्यायला आलेले एक आजोबा. मशीन बंद होतं, त्यामुळे त्यांना भरपूर वेळ होता.

“हे कर्ज माझं नाही,” मी म्हणालो.

“पण सर, नाव तुमचंच आहे ना?”

“नाव तेच, जन्मतारीखही तीच. पॅन वेगळा आहे, हे बघा.”

“सिस्टीमला तुमचंच दिसतंय.”

“थकबाकी किती आहे हो?” आजोबांनी मध्येच विचारलं. मी भिडेखातर आकडा सांगितला. “हात्तिच्या! मग भरून मोकळे व्हा की.”

“अहो, दुसऱ्याचं कर्ज मी का भरू?”

“दुसऱ्याचं कसं? तुमच्या नावावर आहे असं या बाई सांगतायत ना? भरा, आणि गाडी ताब्यात घ्या.”

“मला चालवता येत नाही.”

“येत नाही तर घेतलीत कशाला?”

मी मॅडमकडे पाहिलं. त्याही उत्तराची वाट पाहत होत्या.

“बरं, सगळे नका भरू,” आजोबा तडजोडीवर आले. “निम्म्यात मिटवा. आमच्या व्याह्यांनी मिटवलं तसंच.”

“हो सर, सेटलमेंट होऊ शकेल,” मॅडमचा चेहरा पहिल्यांदाच खुलला. सेटलमेंट केली की रिपोर्टात ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो आणि पुढचा प्रत्येक सावकार तो ‘बुडव्या’ असाच वाचतो, हे मी सांगत होतो. ऐकत कुणी नव्हतं. कारण आजोबांना आता स्वतःचं कुतूहल वाटू लागलं होतं.

“मी जन्मात कुणाचा पैसा उसना घेतला नाही. माझा किती येईल हो?”

“काका, तुम्ही कधी कर्जच घेतलं नाही म्हणजे तुमची हिस्ट्री नाही. स्कोअर येणार नाही.”

“नऊशेच्या वर जातो का?”

“नाही काका. तिथे उणे एक दाखवतात.”

आजोबा बराच वेळ गप्प राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “गाडी घेऊन हप्ते बुडवणाऱ्या या माणसाला सहाशे, आणि मला उणे?” जणू त्यांचेच सहाशे मी ढापले होते. पासबुक न छापताच ते निघाले. जाताना दारातल्या वॉचमनलाही माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होते.

पतमाहिती कंपनीकडे तक्रार नोंदवली. नियम वाचायला गोड आहेत. तीस दिवसांत निवारण, त्यातले एकवीस बँकेचे. उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाई. पण गंमत अशी की कंपनी स्वतः खाडाखोड करत नाही. ती बँकेला विचारते, आणि बँक तोच संगणक पुन्हा उघडून पाहते. म्हणजे ज्याने चूक लिहिली, त्यालाच विचारायचं, ‘बाबा रे, चुकलास का?’ कुणी हो म्हणेल? बँकेने माहिती २०२५पासून महिन्याऐवजी निदान पंधरवड्याने तरी पाठवायची असते. म्हणजे माझी दुचाकी महिन्यातून निदान दोनदा ताजी होते.

मुदत संपायच्या आत उत्तर आलं: ‘संबंधित संस्थेने माहिती अचूक असल्याचे कळवले आहे. तक्रार निकाली काढण्यात येत आहे.’ वेळेत आलं, म्हणून शंभर रुपयेही बुडाले. गृहकर्जाबद्दल अवाक्षर नाही.

आता रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जाईन म्हटल्यावर बँकेतून फोन आला. आवाज भलताच नम्र होता. ‘सर, एवढं कशाला? कर्ज तुम्ही घेतलं नसल्याचा काही कागद असेल तर तो जोडा, आम्ही पुढे पाठवतो.’ कसला कागद, विचारलं. ‘कर्ज घेताना तुम्ही सही केली नव्हती ना? त्याची झेरॉक्स चालेल.’