शिव्या घालायच्या कुणाला?

शिव्या देण्याच्या बाबतीत आमचा कोकणी माणूस कुणाला हार जात नाही. बांध कोरणारा भाऊबंद, कलमावरचा आंबा एक चावा घेऊन टाकणारं माकड, ऐन मोहराच्या वेळी आभाळ भरून आणणारा देव, प्रत्येकासाठी वेगळी, मापाची शिवी आमच्याकडे तयार असते. शिमग्यात तर ती धर्मकार्यात मोडते. पण गेल्या काही वर्षांत ह्या विद्येवर मोठं संकट आलंय. शिव्या आहेत, घसाही शाबूत आहे. ज्याला घालायच्या तो माणूस सापडत नाही.

माझ्या खळ्यात, म्हणजे अंगणात, नळ आहे. गुडघाभर उंचीचा सिमेंटचा खांब, त्यातून वर आलेला निळ्या रेघेचा काळा पाईप आणि टोकाला पांढरी प्लास्टिकची तोटी. तोटी फिरवली की आतून फुस्स असा आवाज येतो आणि पाईपात बिऱ्हाड केलेला एखादा मुंगळा बाहेर येऊन, झोपमोड झाल्यासारखा माझ्याकडे बघतो. "ओ, त्या नळाक हात लावू नका, चावतलो," असं बायको आतून ओरडते. खांबावर ती पायपुसणं वाळत घालते. उंची अगदी बरोबर आहे.

15 ऑगस्ट 2019 ला लाल किल्ल्यावरून घोषणा झाली होती, की 2024 पर्यंत खेड्यातल्या घराघरात नळ येणार. माणशी रोज 55 लिटर पाणी. आम्ही घरात दोघं, म्हणजे 110 लिटर. एवढं पाणी साठवायचं कशात ह्या काळजीने बायकोने मुंबईच्या मुलाकडून मोठं निळं पिंप मागवून घेतलं. 2024 गेलं. पुढच्या वर्षीच्या अर्थसंकल्पात मुदत वाढवून 2028 केली. पिंपात सध्या उकडे तांदूळ आहेत.

नळ बसला त्या दिवशी ठेकेदाराचा पोरगा मोबाईल घेऊन आला. "काका, नळाच्या बाजूक उभे ऱ्हवा. आधार कार्ड हातात धरा." मी धरलं. मग त्याने नळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "फोटोत पाणी दिसाक व्हया, नायतर अपलोड होना नाय." पोरगा हुशार. आमच्याच विहिरीची एक कळशी काढून तो गडग्यापलीकडे गेला. पाईपाचं दुसरं टोक अजून उघडंच होतं. त्याच्यात त्याने कळशी उपडी केली, इकडे त्याच्या जोडीदाराने फटकन फोटो काढला. माझ्या विहिरीचं पाणी माझ्याच नळातून माझ्याच पायावर पडलं आणि मी लाभार्थी झालो. सरकारदरबारी आजही मी हसतोय आणि माझे पाय ओले आहेत.

आता आमच्याकडे पाऊस कमी पडतो म्हणावं, तर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. चार महिने अंगावरचा कपडा वाळत नाही. पण खाली जांभा. जांभा पाणी धरून ठेवत नाही. पडेल ते झिरपतं, व्हाळाला म्हणजे ओढ्याला लागतं, खाडीला जाऊन मिळतं. एप्रिलमध्ये विहिरीचा तळ दिसायला लागतो आणि मे महिन्यात, जिथे जूनमध्ये होडी चालेल अशा वाडीत, टँकरची वाट बघत बायका उभ्या असतात. नळाची अपूर्वाई होती ती एवढ्यासाठी.

पाणी का येत नाही ह्याची चौकशी करायला मी सरपंचांकडे गेलो. सरपंच भला माणूस. त्याने चहा दिला आणि सांगितलं, "सड्यावरची टाकी भरली काय पाणी इलाच म्हणान समजा." सडा म्हणजे वरचा कातळाचा माळ. तिथली टाकी मी बघून आलो. झकास आहे. निळा रंग, मोठ्या अक्षरात योजनेचं नाव. दुपारच्या वेळी तिच्या सावलीत बकऱ्या रवंथ करत बसतात. योजनेचा लाभ खऱ्या अर्थाने कुणाला मिळाला असेल तर तो ह्या बकऱ्यांना, आणि त्यांचा फोटो मात्र कुणी काढला नाही.

टाकी भरत नाही, कारण खाली व्हाळावरच्या विहिरीवर पंप आहे पण त्याला लाईट नाही. लाईट नाही, कारण डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, बसायचा आहे. डीपी मंजूर आहे. (आमच्याकडे सगळं मंजूर असतं. नामंजूर झालेली एकही गोष्ट माझ्या पाहण्यात नाही.) पण तो घेऊन गाडी खाली उतरायला रस्ता नाही. रस्ताही मंजूर आहे. त्याचं काम सुरू करायला जेसीबी आला आणि पहिल्याच दिवशी त्याने नळाचा पाईप फोडला. पाईप ठेकेदाराने जोडायचा, पण ठेकेदाराचं बिल वर अडकलंय, आणि बिल का अडकलंय, तर काम पूर्ण नाही.

हा हिशेब मला तालुक्याच्या एका ऑफिसात, पंख्याखाली बसलेल्या साहेबांनी समजावून सांगितला. इतक्या गोडीने सांगितला की मी त्यांचे आभार मानले. गाडीत बसल्यावर लक्षात आलं, एवढ्या मोठ्या साखळीत शिवी घालायला एकही कडी मोकळी नाही. प्रत्येकजण आपल्या जागी बरोबर आहे. चुकलाय तो जेसीबी, आणि जेसीबीला शिवी लागत नाही. सरकार कुठलंही येवो, खणायला तोच असतो. ह्या तालुक्यात पक्ष न बदललेला तो एकटाच.

शेजारच्या आबांना हे ऐकून माझी कीव आली. आबा पंचाऐंशीच्या पुढचे. त्यांच्या तरुणपणी आमचा मतदारसंघ राजापूर. 1957 पासून बॅरिस्टर नाथ पै, त्यांच्यानंतर 1971 पासून मधु दंडवते, सलग वीस वर्षं. दंडवते 1977 ला रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर त्यांनी दोन इंचाचा फोम घालायला सुरुवात केली. कोकणात तेव्हा रेल्वेच नव्हती. आबा त्या फोमवर पाठ टेकायला म्हणून घाट चढून कोल्हापूरला गेले आणि तिथून गाडीने मुंबईला. अजून ते अंगठा आणि तर्जनी धरून फोमाची जाडी दाखवतात. मी ऐकतोय तेव्हापासून त्या दोन बोटांतलं अंतर वाढत चाललंय. ह्या वर्षी चार इंचांच्या पुढे गेलंय.

पण आबांचं खरं म्हणणं फोमाचं नाही. "रेल्वे कोकणात हाडीत नाय म्हणान मी त्येंका गाळी पण घातलंय," ते अभिमानाने सांगतात. म्हणजे माणूस ठरलेला होता. पाच वर्षांनी तोच पुन्हा त्याच मतदारसंघात मत मागायला उभा राहायचा. घातलेली शिवी वाया जायची नाही.

आता काय आहे? जून 2022 ला एका पक्षाचे दोन झाले, जुलै 2023 ला आणखी एकाचे. धनुष्यबाण एकाकडे, मशाल दुसऱ्याकडे, घड्याळ तिसऱ्याकडे, तुतारी चौथ्याकडे. वरचं राजकारण वर. आमच्या गावच्या पुढाऱ्याने तेवढ्याच काळात जे केलं ते लिहायला बसलो तर मलाच तक्ता आखावा लागेल. त्याने पाण्याचं आश्वासन दिलं होतं. मी आठवण केली तर शांतपणे म्हणाला, "तेव्हा मी त्या पक्षात होतंय. आश्वासन पक्षाचा होता, माझा नाय." मग त्या पक्षाच्या माणसाला गाठलं. तो म्हणाला, "तो माणूस आमचो होतो, पण तो गेलो. जाताना आश्वासन घेवन गेलो."

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. ह्याच पुढाऱ्याचा वाढदिवसाचा फ्लेक्स माझ्या पडवीच्या कोपऱ्यातल्या लाकडांवर घातलेला आहे, आणि दोन पावसाळे लाकडं खडखडीत कोरडी राहिली. पहिल्या फ्लेक्सवर जुना पक्ष आहे. तो विरल्यावर वरून नव्या पक्षाचा घातला. लोकप्रतिनिधीकडून मला थेट मिळालेली ही एकमेव सेवा, आणि ती नियमित आहे.

बरं, खालचे पुढारी नाहीत तर जिल्हा परिषदेच्या सदस्याला धरू म्हटलं, तर सदस्यच नव्हते. मार्च 2022 ला मुदत संपली, आरक्षणाचा वाद कोर्टात, निवडणुका पुढे, पुढे, आणखी पुढे. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कान पिळला तेव्हा कुठे हालचाल सुरू झाली. तोवर प्रशासक. प्रशासक म्हणजे काय हे आबांना समजावताना माझी दमछाक झाली.

"तो मतां मागूक येतलो?"

"नाय."

"लग्नाक? बाराव्याक?"

"नाय ओ आबा."

"मगे त्येका गाळी घालून उपेग काय!"

लोकशाहीची इतकी चोख व्याख्या मी दुसरीकडे ऐकलेली नाही.

कुणी म्हणेल, सरकारला जमतच नाही. तसंही नाही, हीच तर जळजळ आहे. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल वाहून गेला, पुरात गाड्या आणि माणसं गेली. त्याच जागी नवा पूल पुढच्या जूनमध्ये वाहतुकीला खुला झाला. एक वर्षसुद्धा लागलं नाही. आणि ज्या महामार्गावर तो पूल आहे, त्याचं चौपदरीकरण 2011 ला सुरू झालं. त्या वर्षी पाळण्यात होती ती पोरं आता दहावीच्या क्लासला जाताना त्याच रस्त्याचे खड्डे चुकवतात. म्हणजे करायचं ठरवलं की होतं. ठरतं कधी, एवढंच आमच्या हातात नाही.

म्हणून मागच्या निवडणुकीला वाडीने हिसका दाखवायचं ठरवलं. वाडीच्या तोंडावर बोर्ड लावला: पाणी नाही तर मत नाही. बोर्ड कसला, पुढाऱ्याच्याच फ्लेक्सची पांढरी बाजू. सकाळी बोर्ड लागला, संध्याकाळच्या आत सरकारी गाडी आली, पाठोपाठ टँकर आला. जो टँकर मे महिन्यात देव पाण्यात घालून येत नव्हता, तो कोपऱ्यावर हॉर्न वाजवत उभा. मग उमेदवार यायला लागले. प्रत्येकाने बोर्डासमोर उभं राहून फोटो काढून घेतला. एकाने तर भाषण ठोकलं, "तुमच्या बहिष्काराला आमचा जाहीर पाठिंबा आहे! शेवटपर्यंत आम्ही तुमच्यासोबत आहोत! मतदान तेवढं करा."

आम्ही केलं. काय करणार, टँकरचं पाणी प्यायलो होतो.

निवडणूक आटोपली, टँकर दिसेनासा झाला, आणि बायकांनी हंडा मोर्चा काढला. रिकामे हंडे, कळशा, कुणाच्या हातात प्लास्टिकची बादली. मोर्चाच्या अगदी पुढे कोण, तर आमचा पुढारी, सत्तेतल्या पक्षाचं उपरणं घालून. आता सत्तेतला माणूस मोर्चा काढतो तो कुणाविरुद्ध, हा प्रश्न फाटकापाशी उपटला. घोषणा देणाऱ्या पोराने मूठ आवळली, श्वास घेतला आणि थबकला. "...चा निषेध असो!" एवढं त्याला येत होतं. आधीचा शब्द सापडेना. त्याने पुढाऱ्याकडे बघितलं. पुढाऱ्याने आभाळाकडे बघितलं. एका पक्षाचं नाव घ्यावं तर मामा त्यात, दुसऱ्याचं घ्यावं तर सासरा. शेवटी कुणीतरी मागून आवाज दिला आणि सगळ्यांनी जीव तोडून उचलून धरला:

"परिस्थितीचा! निषेध असो!"

माझी बायको आयुष्यात पहिल्यांदा मोर्चाला गेली होती. घरी येऊन हंडा आपटून म्हणाली, "परिस्थितीचो पत्तो काय ओ? तिच्या घराक तरी जावया."

शेवटी आबांनी मार्ग काढला. "ग्रामसभेत ठराव नको. देवाक गाऱ्हाणा घाला." निदान तिथे ऐकणारा बदलत नाही. दिवस ठरला. देवळात सगळे जमले. सरपंच आले, ठेकेदार आला, लाईट बघणारा आला, पंख्याखालच्या साहेबांच्या ऑफिसातला शिपाई ह्याच गावचा, तोही आला. पुढारी तर सगळ्यांच्या आधी, गंध लावून, पहिल्या रांगेत. गाऱ्हाणं घालायचा मान गावकराचा. त्याने नारळ हातात घेतला.

"बा देवा म्हाराजा! बारा पाचाच्या म्हाराजा! आज ह्या तुझ्या लेकरांनी तुका साकडा घातलेला आसा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"सड्यावर जी टाकी बांधलेली आसा, ती काठोकाठ भरान दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पुढाऱ्याचा आवाज सगळ्यांच्या वर.

"डीपी खंय अडाकलो आसात, ठेकेदाराचा बिल खंय अडाकला आसात, ता मोकळा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" ह्या वेळी ठेकेदाराने हातसुद्धा जोडले.

गावकर रंगात आला. त्याने नारळ वर धरला.

"आनि ह्या पाण्याच्या आड जो कोण इलो असात, जेना कोणी ह्येच्यात पैसो खाल्लो असात, तो खंयच्याय पक्षात असांदे, खंयच्याय खुर्चेर असांदे, त्येका सात दिवसांत तुझो चमत्कार दाखय रे म्हाराजा!"

मागून बायकांचा आवाज आला, पोरांचा आला. पहिली रांग एकदम खोकायला लागली. सरपंच चष्मा पुसत होते. पुढाऱ्याला नेमका तेव्हाच फोन आला. देवळात रेंज नसते तरी आला.

आबा काठी टेकत उठले आणि पहिल्या रांगेसमोर जाऊन उभे राहिले.

"काय रे? आताच तर मोठ्यान वरडी होतास. आता कित्याक घसो बसलो?"